मंगळवारचं व्याख्यान, प्रवेश विनामूल्य

फुकट आहे म्हणून असेल,
किंवा वरच्या मजल्यावर पंखे चांगले चालतात म्हणून,
बिबवेवाडीच्या वाचनालयात दर मंगळवारी
सतरा-अठरा माणसं जमतात.

फळ्यावर मी लिहितो : महागाई घटली.
खाली सकाळच्या पेपरातला आकडा.
खडू दमट आहे, दशांशचिन्ह उमटत नाही.

मागून इंदुबाई पासलकर विचारतात, "कुठे?"

स्वारगेटला त्यांची पोह्यांची गाडी आहे.
पहाटे चारला शेगडी पेटते,
त्यामुळे माझं व्याख्यान त्या अर्ध्या झोपेत ऐकतात,
आणि तरी नेमक्या जागी जाग्या होतात.
"घटली म्हणता, पण तेलाच्या डब्याला
कुणी कळवलेलं दिसत नाही."

हशा. मीही हसतो.
बावीस वर्षं कॉलेजात शिकवलंय,
हसून थोडा वेळ काढता येतो.

मग डब्याचं सांगतो.
सूर्यफूल कुठल्या देशात पिकतं, तिथे तोफा का धडधडतात,
जहाज लांबच्या वळशानं आलं की त्याचा विमा कोण भरतं,
आणि डॉलर चढला की
मार्केट यार्डातल्या हमालाच्या पाठीवरचा तोच डबा
वजन न वाढता कसा जड होतो.

"ते कळलं हो," इंदुबाई म्हणतात. "घटली कुठे?"

म्हणून शेवटी कात्रजचा घाट काढतो.
समजा, एसटी चढतेय.
भरधाव होती, आता दुसऱ्या गिअरवर आली.
वेग कमी झाला म्हणून गाडी परत कात्रजला आली का?
नाही. चढतेच आहे, फक्त हळू.
महागाई म्हणजे वेग, बाई.
भाव म्हणजे उंची.

घैसास हे वहीत उतरवून घेतात, खाली दोन रेघा मारतात.
रफिक तांबोळी म्हणतात, "पण सर,
बोगद्यापलीकडे उतार लागतोच की."

या घाटाला तसा नसतो, मी म्हणतो,
आणि असला तर वाईट.
उद्या स्वस्त होईल म्हणून आज कुणी काही घेत नाही,
चाकणला एक पाळी बंद होते,
पोहे खायला येणारी पोरं आधी गावाला जातात.
सगळे भाव उतरतात तेव्हा
पगार वर बसून राहत नाही.

खोलीत कुणी बोलत नाही. पंखा बोलतो.

आणि ब्रेक? ब्रेक म्हणजे व्याज.
तो दाबला तेव्हा घैसासांच्या ठेवीला पाऊण टक्का जास्त मिळाला.
रफिकभाईंच्या येवलेवाडीतल्या खोलीचा हप्ता
होता तेवढाच राहिला, वर्षं वाढली :
अकराची चौदा.
एकाचं व्याज दुसऱ्याच्या व्याजातून येतं,
मधे फक्त बँकेची काच.

दोघं शेजारी बसलेत.
मी हे बोलायला नको होतं बहुतेक.
घैसास खुर्च्यांमधल्या सामाईक हातावरचं
आपलं कोपर हळूच उचलून घेतात.
रफिकभाई म्हणतात, "राहू द्या हो, काका,"
आणि तरी ते कोपर परत तिथे जात नाही.

पुस्तकात हा परिणाम मला कुठे सापडला नाही.

जिना उतरताना इंदुबाई हिशेब करत होत्या, मोठ्यानं :
तेल, दाणे, गॅस, धुणीभांडी करणाऱ्या बाईचे वाढीव शंभर.
"म्हणजे माझा भाव ही कुणाला तरी महागाईच,"
त्या म्हणाल्या,
"आणि तिचे शंभर ही मला."
याच वाक्याला मी एक अख्खं सत्र घेत असे.

बुधवारी सकाळी बस पकडायला स्वारगेटला गेलो.
एक प्लेट पोहे, वर ओलं खोबरं,
दाणे मोजून सहा.
तीस, त्या म्हणाल्या.

"तीस? परवापर्यंत पंचवीस होते!"

तोंडातून गेलं ते गेलं.
रांगेतली दोन पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली.
इंदुबाईंनी झारा कढईच्या काठावर आपटला,
सुटे वीस माझ्या हातावर ठेवले
आणि पुढच्या माणसाकडे बघत म्हणाल्या,
"घाट आहे, सर."